गल्लीचा गट काढतोयस, तर

गट काढलास, छान केलंस. पण आधीच अध्यक्ष, सचिव, लेटरहेड यांच्या नादी लागू नकोस. आमचे दोन महिने त्यातच गेले. त्यापेक्षा संध्याकाळी गल्लीतून चक्कर मार आणि आजीमंडळी दम खायला कुठे थांबतात ते बघ. आमच्याकडे त्या डीपीच्या कट्ट्यावर टेकायच्या, लोंबत्या वायरींच्या शेजारी! पहिलं काम तिथेच सापडलं: झाडाखाली एक बाक.

बाकासाठी लगेच वर्गणी काढू नकोस. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवते. अर्जात 'परिसर सुधारावा' असं मोघम लिहून भागत नाही. कोणत्या खांबाजवळ, किती बाक, जागा कोणाची, सगळं फोटोसकट लिही. आणि झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. मी पहिला अर्ज नुसताच देऊन आलो होतो. मग पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार, कप्पाळ?

'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना पहिल्याच बैठकीला बोलाव, खुर्ची दे. कोणाचं दार दोन दिवस उघडलं नाही, हे चेअरमनच्या आधी त्यांना कळतं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला घरोघरी सांग, म्हणजे त्यांना पुडकं हाताने उघडून बघावं लागत नाही. हे पुरुषांनीही सांगायचं, लाजायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात बंद. पार्किंगवरून जुंपली तर तिथे उत्तर देऊ नकोस, दोघांना चहाला बोलाव.