कुंभारीण की गांधीलमाशी?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलंय: "दाराच्या चौकटीवर चिखलाचं घर करणाऱ्या किड्याला आम्ही कुंभारीण म्हणतो. मुलगी म्हणते, ती गांधीलमाशी. बरोबर काय?"

ताई, तुमचं बरोबर. गांधीलमाशी निराळी. ती घोळक्याने राहते आणि लाकडाचे तंतू चावून, त्या लगद्याचं कागदासारखं पोळं करते. कुंभारीण एकटीच राबते. मोरीजवळच्या ओलीतून चिखलाची गोळी तोंडात धरून आणायची, चौकटीवर थापायची, की परत दुसरी आणायला जायचं. थापताना ती बारीक गुणगुणते, कान देऊन ऐका.

खोली झाली की शिकार. काळी-पिवळी, दोऱ्यासारख्या कमरेची जी आपल्या घरांत नेहमी दिसते, ती कोळी धरते. नांगी मारून त्यांना लुळं करते, पण जीव घेत नाही. म्हणून ते लवकर सडत नाहीत. खोलीत कोळी ठासून भरायचे, त्यातल्या एकावर अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. अंड्यातून निघालेल्या अळीला शिधा समोरच! इवलंसं मडकं घडवणारी दुसरी जात कोळ्यांऐवजी सुरवंट आणते, आणि तिचं अंडं आधीच आत बारीक धाग्याला टांगलेलं असतं.

संतवाङ्मयातला भृंगी-कीटकाचा दृष्टांत इथलाच. भृंगीने, म्हणजे या कुंभारणीनेच, कोंडलेला किडा तिच्या ध्यासाने भृंगीच होतो, अशी समजूत होती. पाहणाऱ्यांनी नीट पाहिलं होतं: आत अळी गेली, बाहेर माशी आली. मधलं अंडं तेवढं नजरेतून सुटलं. दृष्टांताची गोडी त्याने उणावत नाही.

शब्दाचं स्त्रीलिंगही नेमकं आहे. घर बांधणं, शिकार आणणं ही कामं मादीची, नांगीही तिलाच. म्हणून मला 'कुंभारमाशी'पेक्षा 'कुंभारीण' सरस वाटतो. शेजारच्या कन्नडातही 'कुंबार हुळ' म्हणजे कुंभार-किडाच म्हणतात. मातीच्या भांड्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेल्या खानापुरात तर हा शब्द टिकायलाच हवा.

मुलीला एक करून दाखवा. भोक पडलेलं जुनं घर चौकटीवरून खरवडून काढा आणि फोडा. आत कोशाचं तपकिरी टरफल मिळेल, कधी कोळ्यांचे पायही. भोक नसलेलं असेल तर मात्र हात लावू नका, आत पिल्लू असेल.