कवळी बसली, पण भाकरी तुटत नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी जत तालुक्यातून लिहितेय. आईचं वय ६४, सगळे दात काढून दोन महिन्यांपूर्वी वरची-खालची कवळी बसवली. दिसायला छान आहे पण ज्वारीची भाकरी दातानं तोडायला गेली की खालची कवळी उचलते, शेंगदाणे सोडलेत, भडंग आणलं तर बाजूला सारते. "जबड्यात जोरच राहिला नाही" म्हणते. कवळी चुकीची बनवलीय का, दुसरीकडे नवीन करून घेऊ? आणि वडिलांचेही दात हलतायत, तेपण म्हणतात एकदाच सगळे काढून टाकू.

उत्तर: ताई, आधी एक करून बघा. आईंच्या कानशिलावर बोटं ठेवा आणि त्यांना दात आवळायला सांगा, मग गालाच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवा. दोन्हीकडं बोटाखाली टणक गोळा उठतो ना, तेच चावायचे मुख्य स्नायू. ते आहेत अजून. थोडे बारीक होतात, पण खरी अडचण हा जोर ज्याच्यावर पडतो तिथं आहे.

धडधाकट माणूस दाढेत साधारण ५० ते ७० किलोच्या वजनाइतका दाब देऊ शकतो, पूर्ण कवळीवर तोच दाब पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो, कवळी कितीही चांगली असली तरी. कारण दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, दाब तो झेलतो आणि हाडात पोचवतो. एका जबड्यातल्या सगळ्या मुळांचा मिळून हा पडदा साधारण ४५ चौरस सेंटिमीटर भरतो, आणि खालच्या कवळीला टेकायला हिरडी मिळते जेमतेम १२. तीही मऊ, दुखणारी. जास्त दाबलं की टोचतं, मग माणूस आपोआप हात राखून चावतो.

शिवाय जाणीव जाते. भातात खडा आला की आपण विचार करायच्या आधीच तोंड उघडतं बघा, ते त्या पडद्यातल्या नसांमुळं, केसाहून बारीक वस्तूसुद्धा दातात आली की कळते. दात गेले की हा पडदाही जातो आणि मेंदूला घासाचा नीट अंदाजच येत नाही. तो हिरडीवरून, जिभेवरून नव्यानं शिकायला लागतो आणि याला दोन महिने कमीच आहेत.

म्हणून लगेच नवीन कवळी करू नका. पुढच्या दातांनी भाकरी तोडून ओढली की कवळी मागून उचलणारच, तेव्हा हातानं बारीक तुकडे करून द्या आणि घास दोन्ही दाढांवर थोडा थोडा ठेवून सरळ खाली दाबायला सांगा. एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू सुटते. शेंगदाण्याचं कूट चालेल, पण कायम कुस्करलेलंच नको, मऊ शिजवलेल्या भाज्या, उसळी रोज असू द्या नाहीतर खाणं कमी होत जातं आणि अशक्तपणा येतो, हे मी कितीतरी आज्यांच्या बाबतीत बघितलंय. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. एकाच जागी लाल होऊन दुखत असेल तर जिथं बनवली तिथंच दाखवा, तेवढीच जागा घासून देतात, घरी कानशीनं घासायला जाऊ नका.

इतकं करूनही खालची बसत नसेल तर खालच्या जबड्यात पुढं दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे धातूचे छोटे स्क्रू, घालून त्यावर टिचबटणासारखी कवळी अडकवता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते, त्यांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी असं सांगितलं. खर्च आहे, मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी, पण चावायला खूप फरक पडतो.

आता वडिलांचं, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. सगळे काढायची घाई करू देऊ नका. दात काढले की हाड झिजत जातं, खालचं तर वरच्यापेक्षा खूप जास्त. आधी एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, खालचे दोन सुळे तरी वाचतील का? बाकीचे गेले तरी त्या दोघांचं रूट कॅनल करून, मुळं ठेवून वर कवळी बसवता येते, हाड टिकतं आणि घासाची जाणीवही बरीचशी राहते.