रॅम्पवर पाय ठेवण्याआधी

भाऊ, विमानतळावर रॅम्पच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेच्या, कामाला लागतोयस, पण तुझा प्रवेशाचा पास हातात पडायला पोलीस पडताळणीमुळे वेळ लागणारच. तेवढ्यात थोडी तयारी करून ठेव.

जळगावच्या धावपट्टीवर ०९ आणि २७ असे आकडे आहेत. ते अनुक्रमांक नाहीत, चुंबकीय दिशा आहे: ९० आणि २७० अंश, शेवटचं शून्य गाळलेलं. वैमानिक शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, म्हणून वारा फिरला की बाजूही बदलते. उड्डाणाच्या कागदांत वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा कर.

खरं काम मात्र विमान थांबल्यावर सुरू होतं, आणि तिथेच नवखी पोरं घाई करतात. एटीआरचा (इथे येणारं पंख्याचं छोटं प्रवासी विमान) पंखा जोरात फिरताना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून इंजिन बंद, पंखा थांबलेला, विमानाचा लुकलुकणारा लाल दिवा विझलेला आणि चाकांना चोक, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावलेले, एवढं झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. सुपरवायझर ओरडला तरी नाही!

खाली पडलेला खिळा, पट्ट्याचा तुकडा, पाण्याची बाटली दिसली की उचल. इंजिनात गेली तर लाखोंचं नुकसान. उष्टं-खरकटंही उघड्यावर टाकू नको, घारी येतात आणि विमानाला धडकू शकतात.

आपल्याकडच्या मे महिन्यात हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, त्यामुळे कधीकधी सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. काउंटरवर असशील तर शिव्या तुलाच बसतील. कारण नीट समजावून सांग, खान्देशातल्या माणसाला उन्हाचं निराळं सांगावं लागत नाही. आणि कानाचे मफ स्वतःचे घे, कंपनीचे ढिले असतात.