घरच्या घरी नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनं बनवून मैत्रिणींना भेट द्यायची आहेत, हातात दोनच आठवडे आहेत. काय बनवू आणि काय टाळू?

तुम्ही यादी दिली आहे: कोरफडीचं जेल, गुलाबपाण्याचं फेस क्रीम, साबण, लिप बाम, स्क्रब आणि जमलं तर सनस्क्रीन. सात-आठ जणींना द्यायचं आहे, आधी कधी काही केलेलं नाही आणि सगळं 'शंभर टक्के नैसर्गिक' हवं आहे.

मी या यादीतल्या निम्म्या गोष्टींवर आधीच काट मारणार आहे. राग मानू नका. ही काट मी माझ्या फजितीतून शिकले आहे.

पहिल्याच वर्षी मी उत्साहाच्या भरात कोरफडीचा गर काढला, मिक्सरमधून फिरवला, त्यात व्हिटॅमिन ई-च्या दोन कॅप्सूल फोडल्या, सुंदर काचेच्या बरण्यांत भरला, रिबिनी बांधल्या आणि वाटून टाकला. दहाव्या दिवशी एका मैत्रिणीने फोटो पाठवला. झाकणाच्या आतून काळी-हिरवी लव आली होती. तिने विचारलं, "हे असंच असतं का गं?" मग मी बाकीच्या पाच जणींना फोन करून "ते वापरू नकोस, टाकून दे" असं सांगत बसले. भेट परत मागण्याइतकं ओशाळवाणं दुसरं काही नसेल.

चूक कोरफडीची नव्हती. चूक पाण्याची होती. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि जिथे पाणी तिथे जिवाणू आणि बुरशी. व्हिटॅमिन ई प्रिझर्व्हेटिव्ह आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते तेलाला खवट होण्यापासून थोडं लांब ठेवतं, एवढंच. जंतूंना ते काहीही करत नाही. पाणी उकळून वापरलं तरी फरक पडत नाही, कारण जंतू नंतर बोटांवरून, झाकणावरून, हवेतून येतातच. आणि बुरशी दिसली तर आपलं नशीब म्हणायचं. बरेचदा डबीत लाखोंनी जिवाणू असतात आणि वास, रंग, काहीच बदललेलं नसतं.

म्हणून माझा नियम: दुसऱ्याला द्यायची वस्तू बिनपाण्याची. पाणी, गुलाबपाणी, कोरफड, दूध, दही, फळांचा रस, मध, ताजी पानं-फुलं यांतलं काही असेल तर ते आपल्यापुरतं, वाटीभर, त्याच दिवशी वापरून संपवायचं. तेल, मेण, बटर, मीठ, साखर, माती, वाळलेली फुलं यांचं जे होईल ते भेट द्यायला चालतं.

फेस क्रीमचं स्वप्न म्हणूनच सध्या बाजूला ठेवा. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणं. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर जे कोल्ड क्रीम सांगितलं जातं, त्यात मधमाशीचं मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी होतं. त्यातलं पाणी त्वचेवरून उडून जाताना गार वाटतं म्हणून ते 'कोल्ड'. कल्पना छानच आहे, पण असं क्रीम फुटतं आणि नासतं. टिकाऊ करायचं तर इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) लागतो, फिनॉक्सीइथेनॉलसारखं प्रिझर्व्हेटिव्ह अचूक मोजून घालावं लागतं (युरोपात त्याची कमाल मर्यादा 1 टक्का आहे), आणि 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. वर्षभराने जरूर शिका. दोन आठवड्यांत सात जणींच्या चेहऱ्यांवर प्रयोग नकोत.

साबणाचंही तसंच. खरा साबण तेल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, खायचा सोडा नव्हे) यांच्या रासायनिक क्रियेतून होतो. कॉस्टिक सोड्याशिवाय साबणाची वडी होतच नाही, मग लेबलवर कितीही 'केमिकल-फ्री' लिहा. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो: 100 ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण 18 ग्रॅम, तर ऑलिव्हला साडेतेराच्या आसपास. प्रमाण चुकलं तर वडी कातडी भाजते. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, आणि ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, कारण सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. शिवाय वडी चार ते सहा आठवडे वाळू द्यावी लागते. तुमच्याकडे दोन आहेत. विषय संपला. साबण हवाच असेल तर तयार ग्लिसरीन सोप बेस वितळवून साच्यात ओता. त्यात वाळलेल्या पाकळ्या घालायचा मोह होईल, पण आठवड्याभरात त्या तपकिरी पडतात आणि वडीत मेलेल्या माशा अडकल्यासारख्या दिसतात.

आता जे करायचं ते. माझं मत विचाराल तर सगळा जोर लिप बामवर लावा. लहान डबी, सगळ्यांना उपयोगी, बिघडायला कठीण.

प्रमाण वजनाने घ्या, चमच्याने नको. मधमाशीचं मेण 20 ग्रॅम, कोको बटर 25 ग्रॅम, तेल 55 ग्रॅम. तेल बदाम, ऑलिव्ह किंवा जोजोबा, कुठलंही. जोजोबा खरं तर तेल नाहीच, पातळ मेण आहे, म्हणून ते खवट व्हायला फार वेळ घेतं. जवसाचं तेल मात्र टाळा, ते लगेच खवटतं. या 100 ग्रॅममध्ये 5 मिलिलिटरच्या वीसेक डब्या भरतात, म्हणजे मैत्रिणी होऊन घरच्यांनाही पुरतील.

मेण थेट आचेवर ठेवू नका. पातेल्यात पाणी गरम करून त्यात दुसरं भांडं ठेवा. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, कोको बटर त्याच्या खूप आधी, म्हणून आधी मेण आणि तेल एकत्र वितळवा, भांडं उतरवा, मग बटर घाला. पाण्याचा एक थेंबही आत उडू देऊ नका. ओतायच्या आधी फ्रीझरमध्ये ठेवलेल्या बशीवर एक थेंब टाका. मिनिटभरात गोठेल. बोट फिरवून बघा: खडूसारखं खरखरीत लागलं तर थोडं तेल, पाघळलं तर थोडं मेण. ही बशीची चाचणी केली नाही तर वीस डब्या परत खरवडायची वेळ येते. मी खरवडल्या आहेत.

भांडं कोमट असतानाच कागदाने पुसून घ्या. मेण सिंकमध्ये गेलं की पाइपात गोठतं आणि मग भेटवस्तूंपेक्षा प्लंबर महाग पडतो.

रंगाची गंमत सांगते. सगळ्यांना बीटची पूड सुचते. बीटचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. बाम पांढराच राहतो आणि तळाशी लाल रेती बसते. तेलात उतरणारा रंग हवा तर रतनजोत ही वनस्पती. तिची मुळं तेलात घालून पाण्यावर मंद आचेवर तास-दीड तास ठेवा, फडक्याने गाळा, तेल माणकासारखं लाल होतं. मधाचंही बीटसारखंच: 'हनी लिप बाम' वाचायला गोड, पण मध तेलात मिसळत नाही, चार दिवसांनी थेंब होऊन वेगळा होतो.

हेच मिश्रण मेण कमी करून (साधारण 15 ग्रॅम, बाकी तेल) मोठ्या डबीत भरलं की टाचांना, कोपरांना लावायचा बाम तयार. एकाच बैठकीत दोन भेटी. कोको बटरऐवजी शिया बटर वापरलंत आणि आठवड्याने ते रवाळ झालं तर घाबरू नका, ते खराब झालेलं नाही. सावकाश थंड होताना त्यातले काही घटक आधी गोठून कण बनतात. परत पूर्ण वितळवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा, गुळगुळीत होतं.

वाळलेल्या पाकळ्या तेलात मुरवायच्या असतील तर त्या खरंच वाळलेल्या हव्यात, बोटांत चुरल्या की कुरकुरल्या पाहिजेत. ताज्या फुलांतलं पाणी तेलात उतरतं आणि आपण पुन्हा कोरफडीच्या गोष्टीवर येतो. बरणीत मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही मंद आचेचाच रस्ता धरा.

स्क्रब सोपा आहे: दोन भाग साखर, एक भाग तेल. फक्त ओली बोटं डबीत गेली की त्यातही पाणी आलंच, म्हणून सोबत एक छोटा लाकडी चमचा बांधा आणि लिहा: 'चेहऱ्याला नको, हातापायांना, बाथरूममध्ये फरशी निसरडी होते, जपून'. शेवटचं वाक्य विनोदी वाटेल, पण एकदा माझी आत्या पडता पडता वाचली आहे.

बाथ बॉम्बचे (आंघोळीच्या पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांचे) व्हिडिओ तुम्ही पाहिले असणारच. दोन भाग खायचा सोडा, एक भाग सायट्रिक ॲसिड, जेमतेम ओलावा, साच्यात दाबायचं. हवा दमट असेल तर ते साच्यातच फसफसून फुगतात. आणि बाथटब किती जणींकडे असतो? त्यापेक्षा पाय बुडवायचं मीठ करा: दोन वाट्या एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), अर्धी वाटी खायचा सोडा, मूठभर वाळलेल्या पाकळ्या. सुगंधासाठी इसेन्शियल ऑइल (वनस्पतींचा तीव्र सुगंधी अर्क) थेट मिठात टाकू नका. ते पाण्यात विरघळत नाही, तसंच्या तसं वर तरंगतं आणि कातडीला चिकटतं. आधी चमचाभर साध्या तेलात मिसळा, मग मिठाला चोळा.

इसेन्शियल ऑइलबद्दल एक वेगळा परिच्छेद लिहावाच लागेल, कारण 'नैसर्गिक आहे, मग काय होतंय' ही समजूत इथेच सर्वांत जास्त महागात पडते. चेहरा-ओठांसाठी अर्धा टक्का, अंगासाठी एक टक्का, यापुढे जाऊ नका. 100 ग्रॅमला अर्धा टक्का म्हणजे साधारण दहा थेंब. हो, एवढेच. दालचिनी आणि लवंगेची तेलं ओठांना भाजतात, ती नकोच. लिंबू आणि बर्गमॉट यांच्या सालींच्या दाबून काढलेल्या तेलांत असे घटक असतात की ते लावून उन्हात गेलं तर कातडीवर फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात. लहान बाळ असलेल्या किंवा गरोदर मैत्रिणीला बिनवासाची डबी द्या, तिचा प्रश्नच मिटतो.

याच ओघात: चेहऱ्यावर लिंबाचा रस आणि खायचा सोडा चोळायच्या कृती तुम्हाला दर दोन मिनिटांनी दिसतील. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप, 7 च्या खाली आम्ल आणि वर अल्कली) साधारण 4.5 ते 5.5 असतो. लिंबाचा 2 च्या जवळ, खायचा सोडा घातलेल्या पाण्याचा 8 च्या वर. दोन्ही बाजूंनी त्वचेला झटका. मुलतानी मातीची कोरडी पूड मात्र छान भेट आहे: छोट्या बाटलीत भरा, जिला द्याल तिने वापरताना पाणी घालायचं.

सनस्क्रीन घरी करू नका. झिंक ऑक्साइड आणून तेलात ढवळलं की झालं असं वाटतं, पण त्याचे कण सारखे पसरले नाहीत तर अर्ध्या गालाला संरक्षण आणि अर्ध्याला काहीच नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) प्रयोगशाळेत मोजतात, तो अंदाजाने छापता येत नाही.

वेळापत्रक असं ठेवा. पहिल्या दोन दिवसांत सामान आणि डब्या आणा. डब्या धुऊन, पूर्ण वाळवून, आतून 70 टक्के अल्कोहोलने पुसा आणि ते उडू द्या. ओली डबी म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी, अक्षरशः. पहिल्या शनिवारी दोन्ही बाम करा आणि एकेक डबी स्वतः वापरायला घ्या, कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. दुसऱ्या शनिवारी मीठ आणि स्क्रब. फुलांचं तेल किंवा रतनजोत करायचं असेल तर ते पहिल्या शनिवारच्या आदल्या रात्री.

कागदी पिशव्या, रिबिनी, वाळलेली काडी यांवर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त विचार केलेला दिसतोय, त्यात मी पडत नाही. लेबल मात्र टाळू नका. त्यावर आत काय काय आहे ते सगळं लिहा, कधी बनवलं ती तारीख, आणि 'सहा महिन्यांत संपव'. बदामाचं तेल असेल तर 'बदाम' हा शब्द ठळक अक्षरात. माझ्या मामेबहिणीला सुकामेव्याची ॲलर्जी आहे हे मला तिने डबी उघडल्यावर कळलं, वास घेऊन तिने विचारलं म्हणून. तेव्हापासून तिची डबी मी आधी बनवते, जोजोबाची, धुतलेल्या भांड्यात, आणि बदामाचं तेल त्यानंतर कपाटातून बाहेर काढते.