पेसमेकरच्या लीडमध्ये आता नवीन शोधण्यासारखं काही उरलंय का?

प्रश्न असा आहे: "बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेसमेकरवर प्रोजेक्ट करायचा आहे. गाईड म्हणतात सर्किट कर, लीड म्हणजे नुसती वायर आणि कॅथेटर म्हणजे नुसती नळी, त्यात शोध कसला? खरंच काही उरलेलं नाही का? करायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करू?"

तुमच्या गाईडना एवढंच विचारा की पेसमेकरचं सर्किट करायला किती वेळ लागला होता. १९५७ साली मिनिआपोलिसमध्ये अर्ल बाकेन यांनी हार्ट सर्जन डॉ. लिलेहाय यांच्यासाठी ट्रान्झिस्टरचा पहिला अंगावर बाळगता येणारा पेसमेकर केला. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात मेट्रोनोमचं सर्किट आलं होतं, त्यातच फेरफार करून. काम आटोपलं साधारण चार आठवड्यांत. त्या सर्किटच्या दुसऱ्या टोकाला हृदयाच्या स्नायूत जी तार टोचलेली होती, म्हणजेच लीड, तिचा प्रश्न नीट सुटायला १९८३ उजाडलं. आता यातली "नुसती" गोष्ट कोणती ते तुम्हीच ठरवा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांशी हा वाद जुना आहे आणि मी त्यात तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्या पंचवीस वर्षांत नेमकं काय अडलं होतं? थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पडायला लागणारा कमीत कमी व्होल्टेज. लीड बसवताना अर्ध्या व्होल्टला कॅप्चर मिळतं, म्हणजे पल्सला हृदय दाद देतं, सगळे खूश. मग टोकाभोवती सूज येते, पेशी जमतात आणि पुढे निर्जीव तंतूंचा पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा उत्तेजित होत नाही. तो फक्त इलेक्ट्रोड आणि जिवंत स्नायू यांच्यात अंतर पाडतो. दोन ते सहा आठवड्यांत थ्रेशोल्ड दोन-तीन पट चढतो, कधी त्याहूनही जास्त, मग थोडा उतरून स्थिरावतो. सुरुवातीच्या काळात तो मशीनच्या कमाल व्होल्टेजच्याही वर जायचा. मशीन ठणठणीत, बॅटरी भरलेली, पल्स वेळेवर सुटतेय आणि हृदय मात्र दाद देत नाही.

यावर काय काय करून झालं! १९५९ मध्ये हंटर आणि रॉथ यांनी सिलिकॉनच्या पट्टीवर दोन पिना बसवून त्या बाहेरून स्नायूत रोवल्या. बफेलोत चार्डॅक यांनी प्लॅटिनम-इरिडियमचं स्प्रिंगसारखं कॉइल वापरलं. त्याआधी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलमध्ये सेमूर फरमन यांनी छाती न उघडता शिरेतून कॅथेटर-इलेक्ट्रोड उजव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) नेऊन एका रुग्णाला ९६ दिवस पेस केलं होतं. आजच्या प्रत्येक लीडचा मार्ग तोच. पण मार्ग सापडला म्हणून टोकाचं दुखणं गेलं नाही. धातू बदलले, कार्बन आणला, टोक सच्छिद्र केलं. प्रत्येक वेळी थोडा फरक पडला, चढ काही थांबला नाही.

तो थांबवला मेडट्रॉनिक कंपनीच्या केन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. टोक सच्छिद्र ठेवलं आणि त्यामागे सिलिकॉन रबराचा छोटा बुचासारखा तुकडा बसवून त्यात डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट हे स्टिरॉइड भरलं, एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. शरीरातलं पाणी छिद्रांतून आत जातं, औषध विरघळून हळूहळू टोकाशी झिरपतं, सूज दबते, पापुद्रा पातळ राहतो आणि सुरुवातीच्या आठवड्यांतला तो डोंगर जवळजवळ नाहीसाच होतो. नीट पाहिलं तर हा ना विजेचा शोध, ना धातूचा. टोकाशी काय घडतंय ते मायक्रोस्कोपखाली बघत बसलेल्यांना सुचलेला हा शोध आहे.

खरी गंमत पुढे आहे. अर्धगोल टोकासाठी हिशेब मांडला, तर टोकाची त्रिज्या आणि पापुद्र्याची जाडी जवळपास सारखी असते तेव्हा सर्वांत कमी व्होल्टेजमध्ये काम भागतं. म्हणजे पापुद्रा पातळ झाला की टोकही लहान करता येतं. टोक लहान झालं की इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) वाढतो आणि करंट कमी लागतो. आकडे घालून बघा: ५ व्होल्ट, अर्धा मिलिसेकंद, ५०० ओहम असेल तर दर पल्सला २५ मायक्रोज्यूल. २.५ व्होल्ट, तेवढाच वेळ, १००० ओहम असेल तर सव्वातीनच्याही खाली, म्हणजे आठवा हिस्सा. सत्तरच्या गतीने दिवसाला एक लाखावर ठोके होतात. (बॅटरी आठपट टिकत नाही, सर्किटचा स्वतःचा खर्च असतोच.) मशीन आगपेटीहून लहान झालं याचं श्रेय सगळे चिपला आणि लिथियमला देतात. टोकाने करंट मागणं कमी केलं नसतं तर ती छोटी बॅटरी पुरली कुठून असती?

टोक लहान करण्यात एक अडचण आहे आणि तुमचा प्रोजेक्ट मला तिथेच दिसतो. क्षेत्रफळ कमी झालं की पोलरायझेशन वाढतं. धातू आणि द्रव यांच्या सीमेवर कपॅसिटर तयार होतो. तो लहान असेल तर पल्समधला बराच व्होल्टेज तोच खातो, शिवाय पल्स संपल्यावर त्याचा उरलेला चार्ज सेन्सिंगमध्ये, म्हणजे हृदयाचे स्वतःचे ठोके ओळखण्यात, लुडबुड करतो. म्हणून टोक बाहेरून इवलंसं हवं आणि सूक्ष्म पातळीवर पृष्ठभाग प्रचंड हवा. त्यासाठी टायटॅनियम नायट्राइडचा खरबरीत थर, इरिडियम ऑक्साइड किंवा प्लॅटिनमची काळी भुकटी जमवलेला पृष्ठभाग वापरतात.

हे कॉलेजच्या लॅबमध्ये मोजता येतं. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात १.८ ग्रॅम मीठ घाला. सलाइनची नेहमीची ०.९ टक्के बाटली घेऊ नका, ती शरीराच्या मानाने फार वाहक असते आणि इम्पीडन्स फसवा, कमी दिसतो. तापमान ३७ अंश. परतीचा इलेक्ट्रोड मोठा घ्या, टायटॅनियमची जाळी उत्तम. टोकासाठी प्लॅटिनम-इरिडियमची बारीक तार. तांबं किंवा चांदी नको, गंजून पाण्यात उतरते आणि मोजमापाची वाट लावते. २.५ मिलिअँपिअरची स्थिर करंटची पल्स द्या, अर्धा मिलिसेकंद, कपॅसिटरमधून, आणि पल्सनंतर दहाएक मिलिसेकंद चार्ज परत खेचून घ्या. डीसी गळती राहिली तर टोकावर बुडबुडे येतील आणि पुढचं सगळं रीडिंग फुकट.

ऑसिलोस्कोपवर सुरुवातीची उभी उडी भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. त्यानंतरचा तिरका चढ म्हणजे पोलरायझेशन. एका पल्समध्ये १.२५ मायक्रोकूलंब जातो. सीमेचा कपॅसिटन्स १ मायक्रोफॅरड असेल तर चढ सव्वा व्होल्टचा दिसेल, २० असेल तर ०.०६ व्होल्टचा. गुळगुळीत तार, सँडपेपरने घासलेली तार आणि प्लॅटिनम चढवलेली तार अशा तिघींचे आलेख शेजारी शेजारी लावा. गाईडना "नुसती वायर" कुठली ते ओळखायला सांगा.

टोक झालं, पण लीड मरते ती बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्या अंगात, टोकाच्या मागच्या लांबीत. आत तार सरळ नसते, कॉइल असते, कारण कॉइल वाकली की प्रत्येक तारेवर वाकण्याऐवजी हलकी पिळवट येते आणि थकवा कमी बसतो. मिश्रधातू सहसा एमपी३५एन: ३५ टक्के निकेल, ३५ कोबाल्ट, २० क्रोमियम, १० मॉलिब्डेनम. बाहेरच्या आवरणाला मुख्य घराणी दोन, सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन. सिलिकॉन शरीरात टिकतं, पण मऊ असल्याने घासून झिजतं आणि टाक्याचा दोरा आवळला की कापलं जातं. पॉलियुरेथेन निसरडं आणि चिवट, म्हणून पातळ करता येतं, पण त्याची मऊ जात ताणाखाली तडकते आणि तारेतल्या धातूच्या आयनांमुळे आतूनही सडते.

कंपन्यांना आणि डॉक्टरांना पातळ लीडचं जे वेड लागलं, ते मला कधीच पटलं नाही. पातळ लीड शिरेत सहज जाते, विकायला सोपी पडते. ६.६ फ्रेंचची, म्हणजे २.२ मिलिमीटरची, स्प्रिंट फिडेलिस ही डिफिब्रिलेटरची (धोकादायक लय शॉक देऊन मोडणाऱ्या मशीनची) लीड ऑक्टोबर २००७ मध्ये तारा तुटत असल्याने बाजारातून काढावी लागली. तोवर जगभर सुमारे २,६८,००० बसवून झाल्या होत्या. रियाटा या दुसऱ्या एका लीडमध्ये आतल्या केबल्स हलून हलून सिलिकॉनला आतून भोक पाडत बाहेर आल्या. सर्किट बिघडलं तर कातडीखालचं पॉकेट उघडून अर्ध्या तासात मशीन बदलता येतं. जुनी लीड शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते. ती काढताना शीर किंवा हृदय फाटू शकतं, म्हणून सर्जन तयार ठेवावा लागतो. मुंबईत मृत व्यक्तींचे पेसमेकर निर्जंतुक करून गरजू रुग्णांना बसवल्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत आलेले आहेत. त्यातही परत वापरलं जातं ते मशीन. लीड नवीच लागते.

वाकवण्याचं यंत्र करायचं असेल तर तेही चालेल. मानकातल्या एका चाचणीत लीडचा तुकडा ६ मिलिमीटर त्रिज्येच्या घंटेसारख्या तोंडातून लोंबता ठेवून दोन्ही बाजूंना किमान ४७,००० वेळा वाकवतात. तेवढे ठोके हृदय साडेअकरा तासांच्या आत मारतं. अर्थात चाचणीतलं वाकणं हृदयातल्यापेक्षा फार कडक असतं, तरी पास झालेली लीड दहा वर्षं चालेलच असं त्यातून निघत नाही. एक सर्व्होमोटर आणि पितळेचं तोंड एवढ्यात यंत्र होतं. तुटणं मल्टिमीटरने पकडू नका. तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहतात आणि रीडिंग झकास येतं. १ मिलिअँपिअर करंट सतत सोडून व्होल्टेज वेगाने नोंदवत राहा, पहिली तूट क्षणभराच्या उडीतच दिसते. रुग्णांतही हेच होतं: इम्पीडन्स एकदम २००० ओहमच्या वर उडतो आणि पुढच्या तपासणीत पुन्हा नॉर्मल. उलट २०० च्या खाली घसरला तर तार शाबूत, आवरण गेलं असं समजतात.

कॅथेटरबद्दल थोडक्यात. आत निसरडं टेफ्लॉनचं अस्तर, मध्ये स्टीलच्या तारांची वीण, बाहेर टोकाकडे मऊ होत जाणारं पॉलिमर. मूठ फिरवली की टोक तेवढंच फिरलं पाहिजे, हे त्या विणीचं काम. वीण सैल असेल तर टोक आधी अडून बसतं आणि मग एकदम झटका घेतं. शोधाला जागा तिथेही भरपूर आहे, पण विणकामाचं मशीन नसेल तर नादाला लागू नका.

"आता बिनतारी पेसमेकर आले, लीड संपली" असंही कुणी ऐकवेल. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला मायक्रा दोन ग्रॅमच्याही आत आहे आणि थेट जवनिकेत बसतो. तार गेली, पण टोकाला तेच स्टिरॉइडवालं इलेक्ट्रोड आहे आणि त्यामुळेच तेवढ्याशा बॅटरीत भागतं. दुसरीकडे डाव्या बंडलचं पेसिंग (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेलाच पल्स देणं) आज जोरात आहे, तिथे ४.१ फ्रेंचची, आत पोकळी नसलेली, पुढे कायम उघडा स्क्रू असलेली लीड अख्खी फिरवून दोन जवनिकांमधल्या पडद्यात रुतवतात. हो, ती पातळ आहे आणि टिकाऊपणात तिचं नाव चांगलं आहे. पण तिच्यात स्टायलेटसाठी (लीड पुढे न्यायला आत घालतात ती ताठ तार) पोकळ कॉइल नाही, केबल आहे. पातळपणावरचा माझा राग घाईने बारीक केलेल्या कॉइलवर आहे, तेवढी दुरुस्ती करून वाचा.

हॉस्पिटलकडून काढलेल्या जुन्या लीड्स मिळाल्या तर सोनं, पण त्या परवानगीशिवाय आणि निर्जंतुक केल्याशिवाय हातात घेऊ नका. प्रोजेक्ट बीकरपुरताच ठेवा. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांत शरीरात बसणारी लीड सर्वाधिक जोखमीच्या डी वर्गात येते, आणि प्राण्यावर काही करायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. ती तुमच्या सबमिशनच्या तारखेआधी मिळेल, या भरवशावर राहू नका.