मोनोइथेनॉलअमाइन साबणासारखे सौम्य असते का?

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यात धातूचे सुटे भाग धुण्याचे द्रव तयार करण्यासाठी मोनोइथेनॉलअमाइनचे पिंप आले आहे, पिंपावर संक्षारकाचे (कातडी आणि धातू खाणाऱ्या पदार्थाचे) चिन्ह आहे, आणि पुरवठादार मात्र 'हे साबणासारखेच असते' असे सांगतो, तर खरे काय मानावे, असे आपण विचारले आहे. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात वायू शुद्ध करणाऱ्या विभागात मी बरीच वर्षे हे रसायन हाताळले आहे. आपण चिन्हावर विश्वास ठेवावा.

या रेणूच्या एका टोकाला अल्कोहोलचा गट असतो, त्यामुळे ते पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते. दुसऱ्या टोकाला अमाइनचा गट असतो, त्यामुळे ते आम्लाला धरते. गंमत अशी, की ते कॉस्टिक सोड्याइतके तीव्र अल्कली नाही, आणि त्याची खरी उपयुक्तता त्यातच आहे. साधारण ४० अंश सेल्सिअसला त्याचे पाण्यातले द्रावण हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, आणि ११० ते १२० अंशांना तापवले की तेच वायू सोडून देते, म्हणजे तेच द्रावण पुन्हा वापरता येते. आपल्या कामात त्याचा उपयोग तेलकटपणा सैल करण्यासाठी आणि ॲसिड स्लरी (डिटर्जंट बनवण्याचे दाट आम्ल) उदासीन करण्यासाठी होतो. या उदासीनीकरणात बरीच उष्णता निघते, म्हणून ते ढवळत थोडे थोडे घालावे.

मात्र सौम्य अल्कली म्हणजे सौम्य पदार्थ नव्हे. एक टक्का द्रावणाचा पीएचसुद्धा ११ च्या पुढे जातो, आणि पिंपातला शुद्ध द्रव कातडी भाजतो. आमच्या एका सहकाऱ्याने नमुना घेताना गॉगल कपाळावर सरकवला होता. नेमका तेव्हाच शिंतोडा डोळ्यात गेला. शेजारीच नळ होता आणि पापण्या उघड्या धरून आम्ही पंधरा मिनिटे सतत पाणी घातले, म्हणूनच त्याची दृष्टी वाचली, असे मला आजही वाटते. पिंपाजवळ पाण्याची सोय नसेल, तर आधी ती करावी आणि मगच बूच उघडावे. त्याची वाफ श्वासमार्गाला झोंबते. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी हवेतली मर्यादा ३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३ भाग, आहे.

पिंपाला पितळी कॉक लावू नये. तांबे आणि त्याचे मिश्रधातू या द्रवात झिजतात आणि द्रव निळसर होतो. ॲल्युमिनियमचेही नुकसान होते. स्टेनलेस स्टीलचा कॉक बसवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गंज रोखण्यासाठी त्यात सोडियम नायट्राइट मुळीच मिसळू नये. बाजारातल्या मालात डायइथेनॉलअमाइन या त्याच कुळातल्या रसायनाचा अंश असू शकतो, आणि नायट्राइटबरोबर त्यापासून नायट्रोसामाइन तयार होते, जे प्राण्यांमध्ये कर्करोग निर्माण करते. काही कारखान्यांत जुन्या कृती तशाच चालू असतात, म्हणून हे आवर्जून सांगतो.

थंडीतली एक अडचण आधीच लक्षात ठेवा: शुद्ध द्रव सुमारे १०.५ अंशांना गोठतो, आणि जानेवारीच्या पहाटे बडोद्यात तो पिंपात घट्ट झालेला सापडू शकतो. अशा वेळी ज्योत लावू नये. पिंप उबदार खोलीत ठेवावे किंवा बाहेरून कोमट पाणी सोडावे, आणि सगळा द्रव पातळ होऊन नीट ढवळला गेल्यावरच माप घ्यावे.