शाळेकडे जमीन नाही, कृषी पदवीधर शिक्षकही नाही. मग माध्यमिक शाळेत शेतीशिक्षण सुधारायचं कसं?

तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही अडचणी आमच्याकडेही आहेत. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. अनुभवावरून सांगतो, जमिनीचं नंतर बघू. आधी मुलांना मोजायला लावा.

पेरणी, खुरपणी, काढणी आमच्या पोरांना घरीच येते. तेच शाळेत पुन्हा करून घेतलं की त्यांना कंटाळा येतो. घरी सहसा होत नाही ती तपासणी. म्हणून परीक्षा आटोपत आल्या की एप्रिलमध्ये आम्ही सोयाबीनची उगवणक्षमता तपासतो. पोत्याच्या वरचे, मधले, तळाचे असे मिसळून १०० दाणे आणायचे, निवडून चांगले आणायचे नाहीत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने सहाव्या दिवशी गुंडाळी उघडली. वाकडे, तुटके कोंब बाजूला काढून मोजले तर ६३ भरले. तिने पुन्हा मोजले. सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणीत मार बसला की आतला कोंब दुखावतो, हे मी तेव्हा सांगितलं, आणि वर्गातल्या प्रत्येकाला आपापल्या घरची मळणी आठवली. मग फळ्यावर गणित: ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणं, तर ६३ टक्क्यांना किती? तेहतीस किलोच्या थोडं वर. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, व्हरांड्यात बसून स्वतः कोंब मोजले. पेरणीला दीड-दोन महिने होते, त्यामुळे हिशोब हातात असताना त्यांना ठरवता आलं. शाळा जूनमध्ये उघडल्यावर हे केलं असतं तर पेरणीची घाई झाली असती.

माती तपासणीही अशीच. पीक निघाल्यावर शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे, वीतभर खोल खड्डे घ्यायचे, माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत, आणि ती माती तपासणी प्रयोगशाळेत द्यायची. अहवाल आला की सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) समजावायला नववीचा आम्ल-आम्लारीचा धडा आहेच.

शिक्षकाबद्दल म्हणाल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जरूर बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथल्या आठवी ते दहावीच्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य यांवर हातांनी काम करतात आणि गावाला लागणाऱ्या सेवाही देतात. शिकवायला गावातलाच हुशार कारागीर किंवा शेतकरी चालतो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रालाही विचारा.

एक कळकळीची विनंती. दंगा केला म्हणून शाळेच्या बागेत गवत काढायला लावू नका. ज्या कामावर त्यांचं घर चालतं, ते मुलांना शिक्षा म्हणून मिळता कामा नये. ‘शेतीच करायची तर शाळा कशाला’ असं पालक म्हणतात, त्यामागेही हीच जुनी सल असते.

सोयाबीन नसेल तर हरभरा घ्या, ज्वारी घ्या. गोणपाटावर पाणी शिंपडायच्या पाळ्या आधीच वाटून द्या, रविवारची विशेषतः. आमच्या पहिल्या वर्षीच्या गुंडाळ्या एका रविवारीच वाळल्या होत्या.